बटण दाबल्यानंतरचं काम : खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. ज्याचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्याने कॅमेऱ्यावर का बोलावं? आणि तोही कुठला कॅमेरा, तर पानाच्या डब्याएवढा, खिशात मावणारा, नुसता रोखायचा आणि बटण दाबायचं, एवढीच विद्या लागणारा डिजिटल कॅमेरा. याची लेन्स बदलता येत नाही. फोकस किती, उजेड किती, फ्लॅश पाडायचा की नाही, हे सगळं तो स्वतःच ठरवतो. हौशी छायाचित्रकार मंडळी तर त्याला खेळणंच म्हणत.

पण मला असं वाटतं की जी वस्तू घराघरांत शिरते आणि मग कुणाला न कळता नाहीशी होते, तिच्याकडे इतिहासाने जरूर बघावं. साधारण १९९५ ते २०१५ ही वीस वर्षं या वस्तूचं आयुष्य. आज जी मुलं पंचवीस-तिशीत आहेत त्यांची बारशी, मुंजी, स्नेहसंमेलनं, पहिली सहल, हे सगळं याच कॅमेऱ्याने टिपलेलं आहे. ते फोटो आज कुठे आहेत? आणि ते जर हाताशी नसतील, तर त्याचं कारण काय? या प्रश्नासाठी मी तुम्हाला थोडं मागे, १८८८ सालात नेणार आहे.

त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने 'कोडॅक' नावाचा कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली. ती संपली की फिल्म काढायची भानगड नाही, अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. सोबत १० डॉलर. कारखाना फिल्म धुणार, फोटो छापणार आणि कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून सगळं परत पाठवणार. त्याच्या जाहिरातीचा आशय असा की तुम्ही बटण तेवढं दाबा, बाकीचं आम्ही बघतो.

आता बघा, ईस्टमनच्या आधी फोटो काढणारा माणूस रसायनशास्त्राचा अर्धा विद्यार्थीच असे. काच, रसायनं, काळोखी खोली, हे सगळं त्याच्या गळ्यात. ईस्टमनने श्रमाची विभागणी केली. बटण दाबण्यापर्यंतचं काम गिऱ्हाइकाचं, बटण दाबल्यानंतरचं काम कारखान्याचं. पुढे १९०० साली 'ब्राउनी' हा कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला आणि छायाचित्रण लहान मुलांच्या हातात गेलं. पण ही विभागणी कायम राहिली. जवळजवळ शंभर वर्षं आपण सगळे त्याच कराराखाली फोटो काढत होतो.

आपल्याकडे हे कसं होतं ते इथल्या बहुतेकांनी अनुभवलं आहे. आगफाचा क्लिक थ्री आठवत असेल. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बारा. गणपतीत चार, दिवाळीत तीन, मग कुणाचं तरी लग्न आणि उरलेले दोन 'रोल संपवायचा आहे' म्हणून अंगणात. रोल धुवायला टाकायचा आणि आठवडाभर वाट बघायची. एक फोटो हललेला, एकात काकांचं डोकं कापलेलं. तरीही ते सगळे फोटो अल्बमात काळ्या कोपऱ्यांमध्ये लागत, कारण त्यांचे पैसे दिलेले असत.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फिल्मला पैसे पडत असल्यामुळे निवड बटण दाबण्याच्या आधी होई. 'थांब, आजी येऊ दे, मग काढू,' असं कुणीतरी म्हणे. हे साधं वाक्य म्हणजे एक मूल्यनिर्णय आहे. काय जपण्यासारखं आहे हे आधी ठरायचं, मग फोटो. हा विवेक कुणी शिकवला नव्हता. तो दारिद्र्याने म्हणा, काटकसरीने म्हणा, आपोआप अंगी आला होता.

यंत्र हळूहळू हुशार होत गेलं. १९७७ मध्ये कोनिका कंपनीचा सी-३५ एएफ आला. स्वतः फोकस करणारा आणि मोठ्या संख्येने बाजारात आलेला तो पहिला कॅमेरा. आता गिऱ्हाइकाला अंतराचा अंदाजही घ्यायला नको. पण फिल्म होतीच, रोल होताच, धुलाई होतीच. करार मोडला तो दुसऱ्याच दिशेने.

१९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची युक्ती शोधली. ती समजायला एक घरगुती चित्र डोळ्यांपुढे आणा. पावसात अंगणभर ओळीने वाट्या मांडल्या आहेत. पाऊस थांबल्यावर प्रत्येक वाटीत किती पाणी साठलं ते मोजायचं. त्यासाठी एका वाटीतलं पाणी शेजारच्या वाटीत, तिचं तिच्या शेजारी, असं सरकवत टोकाच्या मापापर्यंत न्यायचं. पावसाऐवजी प्रकाश, पाण्याऐवजी विद्युतभार आणि वाट्यांऐवजी सिलिकॉनवरचे सूक्ष्म खण, एवढाच फरक. या शोधाबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

ती चिप घेऊन १९७५ मध्ये कोडॅकच्याच एका तरुण अभियंत्याने, स्टीव्हन सॅसनने, एक कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो. चित्र काळं-पांढरं, शंभर उभे आणि शंभर आडवे असे दहा हजार ठिपके. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. आणि त्या टेपवर त्याने किती फोटोंची सोय केली? तीस. त्याने पुढे कारण सांगितलं की फिल्मचे रोल २४ नाहीतर ३६ फोटोंचे असतात, म्हणून मधला आकडा घेतला. मला हा तपशील फार बोलका वाटतो. जिथे फिल्मच नाही तिथेही मनातला रोल संपत नव्हता. दुसऱ्याच वर्षी, १९७६ मध्ये, कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांना रंगीत गाळणीच्या जाळीचं पेटंट मिळालं. चार खणांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. आजही आपल्या फोनमधल्या कॅमेऱ्यात बहुधा तीच जाळी किंवा तिचीच भावंडं असतात.

पण चित्र पकडणं एक आणि साठवणं दुसरं. इथे जरा गणित करू. २००० सालच्या सुमाराचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट. झाले ५७ लाख ६० हजार बाइट. कॅमेऱ्याबरोबर कार्ड मिळायचं ८ एमबीचं. म्हणजे या हिशेबाने कार्डात एक फोटो मावेल, दुसरा मावणार नाही! (हशा)

यातून वाट काढली ती एका गणिताने, आणि त्याचा कर्ता आहे बंगळुरूचा. नासिर अहमद. शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, तिथेच प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. तरी काम केलं आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. चित्रातले ठळक फरक ठेवायचे आणि डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारीक फरक सोडून द्यायचे, हे ज्यामुळे जमतं ते हे गणित. १९९२ साली ठरलेलं 'जेपेग' हे मानक त्यावर उभं आहे. त्यामुळे त्याच ८ एमबीच्या कार्डात दहा-बारा फोटो मावू लागले. म्हणजे गंमत बघा, पुन्हा क्लिक थ्रीचेच बारा! कार्डं मोठी होत गेली तसा हा आकडा मागे पडला.

माझ्या मते खरी क्रांती मात्र १९९५ ची. त्या वर्षी जपानच्या कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-१० हा कॅमेरा ६५ हजार येनना बाजारात आणला. फोटो अगदी सामान्य, ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा. पण पाठीवर एक चिमुकला रंगीत पडदा होता. काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसे आणि नको असेल तर पुसता येई. सामान्य गिऱ्हाइकाच्या हातातल्या डिजिटल कॅमेऱ्याला पाठीवर असा पडदा पहिल्यांदाच मिळाला.

या पडद्याने माणसांच्या उभं राहण्याची रीतच बदलली. पूर्वी फोटो झाला की घोळका पांगायचा. आता फोटो झाला की घोळका कॅमेऱ्याभोवती गोळा व्हायचा. 'माझे डोळे मिटले, परत काढ.' कुणाचे डोळे मिटलेले, तर कुणाचे फ्लॅशने लाल झालेले. घटना थांबवून घटनेचा फोटो बघायचा, हे नवीन होतं. मंगलाष्टकं संपल्यावर वधू-वरांपेक्षा पडद्याकडे बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि दुसरी गोष्ट, पुढच्या फोटोची किंमत शून्य झाली. आमच्या घरी २००४ च्या सुमारास परदेशातून असा एक कॅमेरा आला. त्याला दोन पेन्सिल सेल लागत आणि साधे सेल वीस-पंचवीस फोटोंत माना टाकत. बटण दाबल्यावर अर्धा क्षण विचार करून तो फोटो काढी, तोवर लहान मुलाचं हसू निघून गेलेलं असे. म्हणून एकाच्या जागी पाच काढायचे. पुढे त्यातला चांगला ठेवू, असं प्रत्येकजण म्हणे.

हे 'पुढे' महत्त्वाचं आहे. निवड बटणाच्या आधी होती, ती बटणाच्या नंतर गेली. आणि नंतरचं काम पूर्वी कारखान्याकडे होतं, तो कारखाना तर आता नाहीच. म्हणजे फोटो संगणकात उतरवणं, पाचातला एक निवडणं, त्याला नाव देणं, प्रत करून ठेवणं, हे सगळं ईस्टमनने १८८८ मध्ये आपल्या डोक्यावरून उतरवलेलं ओझं परत आपल्याच दारात आलं. फक्त या वेळी कुणी जाहिरात केली नाही. जाहिराती मेगापिक्सेलच्या होत्या.

त्याचा परिणाम आज दिसतो. बहुतेक घरांत १९८५ चा अल्बम आहे. २००६ चा नाही. २००६ चे फोटो आहेत, पण ते एखाद्या बंद पडलेल्या डेस्कटॉपवर, बुरशी धरलेल्या सीडीवर किंवा सोनीच्या मेमरी स्टिकसारख्या, एक्सडी कार्डासारख्या, आता रीडर शोधावा लागतो अशा कार्डांवर. फाइलचं नाव काय? डीएससी आणि चार आकडे. व्हिंट सर्फ, इंटरनेटच्या जनकांपैकी एक, यांनी २०१५ साली जाहीरपणे इशारा दिला की आपण डिजिटल अंधारयुगाकडे चाललो आहोत, जे फोटो मोलाचे वाटतात ते कागदावर छापून ठेवा. इंटरनेट घडवणाऱ्याने कागदाची शिफारस करावी, यावर विचार करायला हवा.

याउलट एकोणिसाव्या शतकातल्या राजा दीनदयाळांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच तर फुटणारी वस्तू. ती टिकली, कारण त्यांनी आणि नंतरच्यांनी बटणानंतरचं काम केलं. क्रमांक घातले, जपलं, योग्य हाती दिलं. टिकाऊपणा पदार्थात कमी आणि माणसाच्या कामात जास्त असतो, असं मला यातून दिसतं.

तुम्ही म्हणाल, घरगुती फोटोंचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तर मी दोन उदाहरणं देतो. एप्रिल २००४ मध्ये इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातले फोटो जगापुढे आले. कैद्यांचा अमानुष छळ. ते कुणा वार्ताहराने काढलेले नव्हते. तिथल्या सैनिकांनीच आपल्या खिशातल्या कॅमेऱ्यांनी, सहलीचे काढावेत तसे काढले होते. सूझन सोंटागने त्याच मे महिन्यात लिहिलेल्या लेखात हे नेमकं ओळखलं की फोटो आता जपण्याच्या वस्तूपेक्षा एकमेकांना पाठवायचा निरोप झाला आहे. तपास करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यापुढे हजारो फोटो होते. प्रत्येक फाइलमध्ये तारीख-वेळ नोंदलेली, पण प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं लावलेलं. मग एकच क्षण दोन कॅमेऱ्यांत आलेला शोधून त्याने घड्याळं जुळवली आणि घटनाक्रम उभा केला. म्हणजे यंत्राची नोंद आयती सत्य नसते. ती दुसऱ्या साक्षीशी ताडून बघावी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवीन नाही.

दुसरं उदाहरण त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरचं. त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर कॅनडाचं एक जोडपं वाहून गेलं. काही आठवड्यांनी मदतकार्यातल्या एका माणसाला वाळूत त्यांचा कॅमेरा सापडला. कॅमेरा पार निकामी, पण कार्ड शाबूत. त्यात क्षितिजावरून जवळ येत गेलेल्या लाटेचे एकामागून एक फोटो होते. त्या माणसाने शोध घेऊन ते त्यांच्या मुलांपर्यंत पोचवले. इथेही बघा, कार्ड टिकलं हे यंत्राचं श्रेय. पण फोटोंतली माणसं कोण, हे शोधून ते घरी पोचवलं, ते एका माणसाने.

आता थोडं माझ्या शास्त्राकडे येतो. नैयायिक ज्ञानाचे दोन भाग करतात, अनुभव आणि स्मृती. अनुभवाचा मनावर संस्कार राहतो आणि त्या संस्कारातून स्मृती उपजते. पण संस्कार निजलेला असतो. त्याला जागं करणारं काहीतरी लागतं, त्याला म्हणतात उद्बोधक. हत्ती दिसला की माहूत आठवतो, हे त्यांचं ठेवणीतलं उदाहरण. आता फोटो म्हणजे काय? आपण सैलपणे म्हणतो, 'आठवणी जपून ठेवल्यात.' नाही. फोटो ही आठवण नव्हे, फोटो हा उद्बोधक. ज्याने ती आजी पाहिली आहे, त्याच्या मनातला संस्कार तो जागा करील. ज्याने पाहिलीच नाही, त्या नातवाच्या मनात जागं व्हायला काय आहे? त्याला दिसेल नऊवारीतली एक अनोळखी बाई.

मग नातवाला ज्ञान कसं होणार? शब्दाने. 'ही तुझ्या आजोबांची आई. हिनेच ही चिंच लावली.' हे आप्तवाक्य. शब्द हे नैयायिकांनी स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. अल्बम घेऊन बसलेली म्हातारी माणसं आणि 'हा कोण? ही कोण?' विचारणारी मुलं, हा नुसता विरंगुळा नव्हता. ते प्रमाण एका पिढीकडून दुसरीकडे जात होतं. फोटो चौदा हजार झाले की ही बैठक बसत नाही. बारा होते तेव्हा बसत होती.

बाकीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. २००० साली जपानमध्ये शार्पचा कॅमेऱ्याचा फोन आला, २००७ मध्ये आयफोन. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यातले बहुसंख्य हे आपले खिशातले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२३ मध्ये सगळे कॅमेरे मिळून ८० लाखही भरले नाहीत, खिशातले तर २० लाखांच्या आत. अलीकडे तरुण मंडळी जुने कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत. त्यांना विचारलं तर सांगतात की हा वाजत नाही, यावर निरोप येत नाहीत, हा फक्त फोटो काढतो. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण कॅमेरा जुना आणला तरी नंतरचं काम शिल्लकच राहतं, हे त्यांनाही सांगायला हवं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. इथे बसलेले आपण बरेचजण सत्तरीच्या आसपासचे. २००० ते २०१५ या सोळा वर्षांच्या फोटोंमधली माणसं नावानिशी ओळखणारे आपणच उरलो आहोत. जुने ड्राइव्ह अजून चालू होतील, तेवढ्यात मुलांना मदतीला घ्या. एका वर्षाचे बाराच फोटो निवडा. जास्त नकोत, एक रोल समजा. सोळा वर्षांचे झाले १९२. एका अल्बमात मावतात. ते छापा, आणि प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी, एवढं लिहा. कॅमेऱ्याने छापलेल्या तारखेवर विसंबू नका, कारण सेल संपले की त्याचं घड्याळ पुन्हा कुठल्यातरी १ जानेवारीला जाई. मुंज उन्हाळ्यातली की थंडीतली, हे तुम्हाला आठवतं, त्याला नाही. बाकीच्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

संगणकाची कामं मुलं करतील, ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली येतात. नावं मात्र आपल्यालाच लिहावी लागतील. इथे थांबतो.